पालशेतच्या किनाऱ्यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत

परवा एकाने विचारलं, "खालच्या कोर्टात निकाल लागला की संपलं ना? वर जाऊन काय होतं?" मला आपल्या गुहागर तालुक्यातलीच एक केस आठवली. कायद्याच्या पुस्तकात आजही शिकवतात, पण इथे फारसं कुणाला ठाऊक नाही.

६ मे १९५३. पालशेतच्या वाळूत एका वीस वर्षांच्या मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. वडील स्वतः डॉक्टर. पोराला सुमारे दोनशे मैलांवर पुण्याला नेलं. ९ मे रोजी तिथल्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि त्याच रात्री मुलगा गेला.

आईवडिलांनी दिवाणी दावा लावला. म्हणणं एवढंच, की पूर्ण भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि त्या धक्क्याने पोर गेलं. डॉक्टर म्हणाले, हाड बसवणं मी पुढे ढकललं होतं, फक्त हलका ताण दिला; मृत्यू रक्तात चरबीची गुठळी गेल्याने झाला.

खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा मानला. भरपाई ३,००० रुपये. डॉक्टर मुंबई हायकोर्टात गेले, तिथे हरले. मग सुप्रीम कोर्टात. मे १९६८ मध्ये तेही अपील फेटाळलं. पंधरा वर्षं!

तीन हजारांसाठी कोण पंधरा वर्षं लढतं? मला वाटतं, प्रश्न पैशाचा नव्हताच. पोराचं काय झालं, हे कुणीतरी अधिकृतपणे सांगायला हवं होतं. त्या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्यं स्पष्ट केली: केस घ्यायची की नाही, उपचार कोणते द्यायचे आणि ते कसे द्यायचे, तिन्हीत वाजवी काळजी हवी.

आता मूळ प्रश्न. पहिल्या अपिलात हायकोर्ट पुरावाही नव्याने तपासू शकतं. पण दोन्ही कोर्टांचं घटनेबद्दल एकमत झालं की सुप्रीम कोर्ट सहसा त्यात हात घालत नाही. आणि वरचं कोर्ट वाचतं ते खाली दाखल झालेले कागद. नवीन पुरावा अपवादानेच चालतो. म्हणून केसपेपर, एक्स-रे, चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून जपा. मुदतही पाळा: हायकोर्टात अपिलाला ९० दिवस, जिल्हा कोर्टात ३०.

लढाई वर जिंकली जाते खरी, पण तिची तयारी खालीच करावी लागते, मंडळी.