गिअरबॉक्सचे सुटे भाग आणि सीमेवरचे दोन तालुके

राज्याची सीमा एका दिवसात बदलते. बाजाराची वाट मात्र बदलायला पिढ्या लागतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा व सौंसर या मराठीभाषी तालुक्यांची राजधानी त्या दिवशी नागपूरहून भोपाळला गेली. परंतु पांढुर्णा नागपूर–इटारसी लोहमार्गावर आणि सौंसर नागपूर–छिंदवाडा मार्गावर वसलेले. संत्री ज्या वाटेने नागपूरला जात, त्याच वाटेने मोटारीचे सुटे भाग परत येत. म्हणून या मुलखात एखाद्या जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स पुन्हा बांधायचा, तर त्या कामामागे देशाच्या उद्योगाचा बराच इतिहास उभा असतो.

परदेशी गाड्यांचे भाग मिळेनासे का झाले, हे प्रथम पाहिले पाहिजे. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत गाड्यांची जुळणी चालविली होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने धोरण ठरविले, की भाग देशातच घडविण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी आहे त्यांनीच हा धंदा करावा. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपली जुळणी बंद केली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स मात्र टिकली आणि १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. गोव्यात याच काळात उलट चित्र होते. पोर्तुगीज अमलात परदेशी गाड्यांना फारशी आडकाठी नव्हती. १९ डिसेंबर १९६१ नंतर त्या गाड्यांचे मालकही आयातीच्या त्याच निर्बंधांखाली आले. अशा रीतीने मांडवीकाठचा मिस्त्री आणि जाम नदीकाठचा मिस्त्री एकाच पेचात सापडले : यंत्र समोर आहे, भाग नाही.

हा पेच सोडविण्याचे शास्त्र आजही तेच आहे. फियाट ११०० च्या मूळ गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याचे चार गिअर. त्यांतील पहिल्याला सिंक्रोमेशची सोय नाही. गाडी चालत असताना पहिला गिअर बळेच घातला, की त्याचे दात कडेने झिजतात. पेटी उघडल्यावर दृष्टी प्रथम तेथे जावी. त्यानंतर पितळी सिंक्रो-कड्या पाहाव्या. कडी आपल्या शंकूवर दाबून फिरवली असता ती पकड घेत असेल, आणि तिच्या व गिअरच्या दातांमध्ये फट शिल्लक असेल, तर ती अजून कामाची आहे; फट उरली नसेल तर बदलावी. दातांच्या अंगावर खड्डे पडले असतील, तर एकच गिअर बदलून भागत नाही. जे दोन गिअर वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून बसले, ते जोडीनेच बदलावेत; नाहीतर पेटी रडू लागते.

बेअरिंगची अडचण सर्वांत कमी, कारण तेथे जगाने एक माप मान्य केले आहे. बेअरिंगवर ६२०५ असा आकडा असेल, तर शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणावे : आतले भोक २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ हेही ठरलेले. असा आकडा घेऊन गेल्यास गाडीचे नावही सांगावे लागत नाही. तेलाच्या सीलचेही तसेच; आतले, बाहेरचे व जाडीचे माप पुरते.

खरी परीक्षा गिअरची. बाजारात चकचकीत वेष्टनातला नवा भाग मऊ पोलादाचा निघतो आणि भंगारातला काळवंडलेला जुना भाग पाणीदार निघतो. जाणते मिस्त्री दाताच्या कडेवर कानस फिरवून पाहतात : कानस घसरली तर पोलाद कठीण, चावली तर भाग परत करावा. तयार भाग मिळेना, तर नमुना देऊन गिअर कापून घेता येतो; पण कापल्यावर त्यावर उष्णतेचा संस्कार झालाच पाहिजे, एरवी तो पैसा पाण्यात. शेवटी तेल. जीएल-५ जातीच्या काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये पितळेला खातात. जुन्या पेटीला बहुधा जीएल-४ मानवते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. कुर्ल्यात पद्मिनीचे उत्पादन तर त्याच्या किती तरी आधी संपले होते. कारखाना बंद पडतो तेव्हा केवळ भाग संपत नाहीत. भाग कसा असावा याची अधिकृत साक्षही संपते. मग ती उरते मिस्त्रीच्या बोटांत, आणि मिस्त्री थकला की तीही जाते. आपण देवळांचे शिलालेख उतरवून घेतो, बखरी जपतो, ते योग्यच आहे. पण नागपूरच्या वाटेवरील एखाद्या गॅरेजात झिजलेला गिअर भंगारात टाकण्यापूर्वी त्याच्या दातांची संख्या, व्यास व जाडी कोणी वहीत लिहून ठेवली, तर तोही या मुलखाच्या इतिहासाचा अस्सल कागद ठरेल. उद्या त्याच कागदावरून नवा गिअर घडविता येईल.