आधी जमीन, मग टायर

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "डर्ट बाइकला सगळ्यात चांगला टायर कोणता?" तेव्हा वेळ संपली होती. आज त्या प्रश्नाचं उत्तर आपण इतिहासातून शोधू.

हवेचा टायर १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी यशस्वी केला, तो मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून. म्हणजे मूळ हेतू होता आराम. पकड, म्हणजे आपण ज्याला ग्रिप म्हणतो, तो विचार नंतरचा. आणि जिथे रस्ता संपतो, तिथे तो फार महत्त्वाचा ठरतो.

१९१४ साली इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी आपल्या मोटरसायकल कारखान्यातल्या कामगारांसाठी एक स्पर्धा ठेवली. शिपलीहून निघायचं आणि माळरान, ओढे, दगडधोंडे पार करत बर्न्सॉल गाठायचं. वेळही मोजायची आणि अवघड जागी पाय न टेकता गाडी नेली का, हेही पाहायचं. ही स्कॉट ट्रायल यॉर्कशरमध्ये आजही भरते. पुढे १९२४ मध्ये दक्षिणेकडे कँबर्लीच्या मोटरसायकल क्लबने तशीच शर्यत ठरवली, पण पाय टेकण्याचे गुण काढून टाकले. राहिला फक्त वेग. मग याला 'ट्रायल' म्हणायचं कसं? म्हणून नाव पडलं 'स्क्रँबल'. आजच्या मोटोक्रॉसचं मूळ ते हेच.

आता बघा, एका नियमाने दोन खेळ वेगळे झाले आणि त्यांच्यामागून टायरही वेगळे झाले. ट्रायलवाल्याला ओल्या दगडावर हळूहळू चढायचं असतं. दगडात काही रुतत नाही, त्यामुळे टायरनेच दगडाचा आकार घ्यायला हवा. म्हणून रबर मऊ, चौकोनी बटनं जवळजवळ, आणि मागच्या चाकात हवा जेमतेम चार-पाच पौंड. आपल्या गाडीत तीस पौंड भरतो, त्याच्याशी तुलना करा! मोटोक्रॉसवाल्याला मात्र सैल मातीत जोरात निघायचं असतं. त्याची बटनं मातीत घुसून तिला मागे ढकलतात. गॅरेजवाले ज्याला बटन टायर म्हणतात, त्याचं टोकाचं रूप ते हेच.

इथे बरेच जण चुकतात. जमीन मऊ असेल तर टायर मऊ हवा असं वाटतं, पण बहुधा उलटं असतं. चिखलात उंच, लांब लांब बसवलेली आणि कडक बटनं लागतात. मऊ बटनं तिथे नुसती वाकतात. लांब लांब का? पावसात काळ्या रानात चपला घालून चाललेल्या माणसाला सांगायला नको. चार पावलांत तळव्याला ढेकूळ चिकटतं आणि पाय घसरायला लागतो. टायरचंही तसंच. फटी रुंद असल्या तर चाक फिरताना चिखल उडून जातो, अरुंद असल्या तर भरून बसतो आणि टायर जणू गोटा होतो. याउलट मुरमाड, कडक जमिनीवर बुटकी, दाट आणि मऊ बटनं हवीत. तिथे उंच बटन टेकतं फक्त कडांवर, डुगडुगतं आणि तुटतं.

पण पकड फुकट येत नाही. मोटोक्रॉसचा ट्रॅक कुंपणातला. खराब झाला तर पुन्हा नीट करता येतो. एन्ड्युरो मात्र रानातून, गाववाटांवरून जाते. तिथे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत मागच्या टायरच्या बटनांना १३ मिलिमीटरची मर्यादा आहे. बटन कमी खोल, तर माती कमी उकरली जाते. एवढ्याशा आकड्याने काय होतं, असं वाटेल. पण उत्तर इंग्लंडच्या माळांवर पीट नावाचा कुजलेल्या वनस्पतींचा थर असतो. तो वर्षाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे १३ मिलिमीटरचं बटन एका झटक्यात जे उकरतं, ते साठायला तेरा-एक वर्षं लागलेली असतात. भरून यायलाही तेवढीच लागतील, आणि तीसुद्धा मधे दुसरं चाक त्याच जागी फिरलं नाही तर.

म्हणून त्या तरुण मित्राला आमचं उत्तर असं : सगळ्यात चांगला टायर नावाची वस्तू नाही. दुकानात जाण्याआधी जिथे गाडी घालणार आहात तिथे चालत जा. टाच जमिनीत रुतते का पाहा. रुतली तर उंच, विरळ बटनं. नाही रुतली तर बुटकी, दाट. आणि ओला दगड असेल तर मऊ रबर नि कमी हवा. शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारा : आपण गेल्यावर ही वाट कुणाच्या पायाखाली येणार आहे? मोठी बटनं बसवायची की नाही, हे त्या उत्तरावरही ठरायला हवं.