योहानाच्या पत्रातील एक ओळ

सुरत जिल्ह्यातील पलसाणा येथे, खानदेशातून कामधंद्यासाठी येऊन राहिलेल्या एका मराठी कुटुंबात आम्ही प्रार्थनेस गेलो होतो. योहानाच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय वाचावयाचा होता. घरातील वृद्ध गृहस्थांजवळ त्यांच्या वडिलांच्या वेळचे जीर्ण बायबल होते, तर मुलाच्या हाती नवी आवृत्ती. जुन्या प्रतीत स्वर्गात साक्ष देणारा पिता, शब्द व पवित्र आत्मा यांचा उल्लेख होता; नव्या प्रतीत तो नव्हता. "पाळकसाहेब, देवाच्या वचनातली ओळ खोडली कोणी?" असे त्यांनी विचारले. "छपाईतला फरक असेल," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर खरे नव्हते. त्याची दुरुस्ती करणे हे आमचे कर्तव्य आहे.

मराठीत शास्त्र छापले जाऊ लागले ते श्रीरामपूर येथे. विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने सिद्ध केलेले मत्तयाचे शुभवर्तमान 1805 साली, तर नवा करार 1811 साली निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार 1826 सालचा. पलसाण्याजवळील सुरतेतच स्किनर व फाइव्ही यांचे गुजराती बायबल 1823 पर्यंत पूर्ण झाले होते. त्या काळी छापील ग्रीक नव्या कराराचा जो पाठ सर्वत्र रूढ होता, त्याचा उगम इरॅस्मस या विद्वानाच्या आवृत्त्यांत आहे.

इरॅस्मसने 1516 व 1519 च्या आवृत्त्यांत ही ओळ घातली नव्हती, कारण त्याने पाहिलेल्या ग्रीक हस्तलिखितांत ती नव्हती. त्यावर टीका झाली. पुढे ती ओळ असलेले एक ग्रीक हस्तलिखित पुढे आले, आणि 1522 च्या आवृत्तीत त्याने ती समाविष्ट केली. ते हस्तलिखित सोळाव्या शतकातलेच होते. लॅटिन परंपरेत मात्र ही ओळ चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळते. बहुधा समासातील स्पष्टीकरण नकलाकाराच्या हातून मूळ मजकुरात शिरले असावे. तात्पर्य, नव्या आवृत्तीने वचन खोडले नाही. मागाहून भर पडलेली ओळ तिने बाजूस ठेवली.

1859 साली टिशेनडॉर्फ यांना सीनाय पर्वताच्या मठात चौथ्या शतकातील हस्तलिखित मिळाले. त्यातही ही ओळ नाही. अशा शोधांमुळे पाठ ताडून पाहण्याची साधने वाढली, आणि शास्त्राचे भाषांतर पुन:पुन्हा तपासणे अटळ झाले. पंडिता रमाबाईंनी याच निष्ठेने हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात केल्या. त्यांचे मराठी बायबल त्यांच्या निधनानंतर 1924 साली प्रसिद्ध झाले.

कोणी म्हणेल, मग त्रैक्याच्या सिद्धांताचे काय? चौथ्या शतकात एरियसच्या मताविरुद्ध वाद चालला असता ग्रीक धर्मपित्यांनी या ओळीचा आधार घेतला नाही. ती त्यांच्या प्रतींत असती तर त्यांनी ती खचित पुढे केली असती. तरीही त्यांनी सिद्धांत मांडला. मत्तय 28:19 आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा शेवट आजही तेथेच आहेत.

पुस्तकांच्या यादीविषयीही हेच म्हणता येईल. आपल्या 27 पुस्तकांची नेमकी यादी अथानासियस यांच्या 367 च्या पत्रात मिळते. सिरियाक पेशित्तामध्ये मात्र 22 पुस्तकेच होती. मंडळीने ही यादी एका दिवसात ठरविली नाही. उपासनेत दीर्घकाळ वाचून, वाद करून, प्रार्थना करून तिने ती ओळखली.

आमच्या बंधूंना विनंती एवढीच की, असा प्रश्न आल्यास दडपू नये. ज्याने विचारले त्याची श्रद्धा दुबळी नसते; तो वचन जपून वाचत असतो. पुढल्या भेटीत आम्ही त्या वृद्ध गृहस्थांपुढे दोन्ही प्रती उघडून हा सारा इतिहास सांगितला. त्यांनी जुने बायबल मिटून मस्तकी लावले, आणि मुलाला नव्यातून वाचावयास सांगितले.