एक झाड, दोन दुकानें



आमच्या शेजारचे एक गृहस्थ वृद्ध आहेत. त्यांना रात्रीं झोप येत नाहीं, म्हणून अमेरिकेंत असलेल्या त्यांच्या मुलानें सुट्टींत येतांना मऊ गोळ्यांची एक बाटली आणली. बाटलीवर भांगेचें पान छापलेलें होतें. मीं भुंवया उंचावलेल्या पाहून तो म्हणाला, "मास्तर, हा गांजा नव्हे, नुसता हेंप आहे. गांजासाठीं तिकडे परवान्याचें निराळें दुकान असतें. हें तर पेट्रोल पंपावरसुद्धां मिळतें." जें कोठेंहि मिळतें तें सौम्य, आणि जें परवान्यानें मिळतें तें जहाल, असा त्याचा हिशेब. तो हिशेब बरोबर आहे काय, हें समजण्यासाठीं थोड्या इतिहासाकडे वळलें पाहिजे.

हेंप म्हणजे आपला ताग किंवा अंबाडी नव्हे. हेंप आणि गांजा हीं एकाच झाडाचीं दोन नांवें आहेत. त्याच्या खोडापासून वाख निघतो, बियांपासून तेल निघतें, आणि मादी झाडाच्या फुलोऱ्यांतील चिकांत मादक द्रव्य असतें. या द्रव्यास टी. एच. सी. म्हणतात. इस्रायलमधील गाओनी आणि मेशुलाम या शास्त्रज्ञांनीं तें 1964 सालीं शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें.

अमेरिकेनें 1937 सालीं या झाडावर जबर कराचा कायदा बसविला. पुढें महायुद्धांत जपाननें फिलिपाइन्स घेतल्यामुळें दोरांसाठीं लागणारा मनिला वाख मिळेनासा झाला. तेव्हां 1942 सालीं त्याच सरकारनें हेंप पेरण्याचा उपदेश करणारा बोलपट काढला. युद्ध सरलें, गरज संपली, आणि 1970 च्या कायद्यानें वाखाचें पीक व मादक पीक असा भेद न करतां सारें झाड निषिद्ध मालाच्या यादींत गेलें.

यानंतर दोन निरनिराळ्या वाटा फुटल्या. पहिली परवान्याची. कॅलिफोर्निया संस्थानानें 1996 सालीं औषधासाठीं गांजाची मोकळीक दिली. कोलोराडो व वॉशिंग्टन येथील मतदारांनीं 2012 सालीं प्रौढांस तो खुला केला, आणि 1 जानेवारी 2014 रोजीं कोलोराडोंत दुकानें उघडलीं. तेथें एकवीस वर्षांखालील गिऱ्हाइकास प्रवेश नाहीं, मालाची प्रयोगशाळेंत तपासणी होते, आणि खाद्यपदार्थांच्या एका मात्रेंत 10 मिलिग्रॅम व एका पुडक्यांत 100 मिलिग्रॅम टी. एच. सी. ही मर्यादा आहे.

दुसरी वाट शेतकऱ्याची. स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं 1976 सालीं वर्गीकरणाच्या सोयीकरितां एक रेषा आंखली: वाळलेल्या पानांत टी. एच. सी. शेंकडा 0.3 पेक्षां कमी असल्यास एक वर्ग, अधिक असल्यास दुसरा. माणसाला किती मात्रा सोसेल, याच्याशीं त्या आंकड्याचा कांहींएक संबंध नव्हता. 2018 च्या अमेरिकन शेतकी कायद्यानें हाच आंकडा उचलला आणि त्याखालील सर्व मालास हेंप ठरवून निषिद्ध यादींतून मुक्त केलें.

आतां मुलांना घालतों तसें एक गणित घालतों. शेंकडा 0.3 हें प्रमाण पानाला लावलें तर तें क्षुल्लक आहे. पण चार ग्रॅम वजनाच्या गोळीला लावलें तर 12 मिलिग्रॅम होतात, म्हणजे कोलोराडोंतील परवान्याच्या एका मात्रेहून अधिक. पन्नास ग्रॅमच्या चॉकलेटला लावलें तर 150 मिलिग्रॅम होतात, म्हणजे तेथील सबंध पुडक्याच्या दीडपट! साखर आणि लोणी यांचें वजन वाढवीत गेलें कीं कायद्याचें प्रमाण पाळूनहि नशा वाढत जाते. शिवाय तो कायदा केवळ डेल्टा-नऊ या प्रकाराचेंच नांव घेत होता. त्यामुळें हेंपमधील सी. बी. डी. या अमादक द्रव्यावर आम्लाची क्रिया करून डेल्टा-आठ नांवाचें मादक द्रव्य बनविण्याचा धंदा सुरू झाला. संबंध देशाला लागू अशी वयाची अट त्या मालाला नव्हती, आणि तपासणीचा एकसारखा नियमहि नव्हता. अखेर नोव्हेंबर 2025 मध्यें अमेरिकेनें नवा कायदा करून सर्व प्रकारच्या टी. एच. सी. ची बेरीज धरण्याचें ठरविलें, तयार मालाच्या एका डब्यास अवघी 0.4 मिलिग्रॅमची सीमा घातली, आणि अंमलासाठीं एक वर्षाची मुदत दिली.

परवान्याचीं दुकानें निर्दोष आहेत असें मीं म्हणत नाहीं. तेथील चिठ्ठ्यांवरचे आंकडेहि कधीं कधीं खोटे ठरले आहेत. पण चूक झाल्यास कोणास जाब विचारावा, हें तेथें ठाऊक असतें.

हा प्रश्न आपणांस नवा नाहीं. ब्रिटिश सरकारनें 1893 सालीं नेमलेल्या हेंप ड्रग्ज कमिशननें 1,193 साक्षीदार तपासले. आपल्या नगर जिल्ह्यांतहि तेव्हां गांजाचें पीक होत असे. संपूर्ण बंदी न करतां परवाने, कर आणि मर्यादित दुकानें यांनीं नियंत्रण ठेवावें, असा कमिशननें 1894 सालीं अभिप्राय दिला. 1985 च्या आपल्या कायद्यानें फुलोरा व चरस निषिद्ध केले. मात्र फुलोऱ्यावेगळीं नुसतीं पानें आणि बिया गांजाच्या व्याख्येंतून वगळल्या. भांगेचा निर्णय त्यामुळें राज्यांकडे राहिला. आपला भेद झाडाच्या अवयवांवर उभा आहे, आणि पान कोणतें, फूल कोणतें, हें डोळ्यांस दिसतें. अमेरिकेचा भेद आंकड्यावर उभा आहे. तो डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून तपासणीच्या कागदावांचून त्या नांवाला कवडीचीहि किंमत नाहीं.

मीं त्या मुलास तीन प्रश्न विचारले: एका गोळींत किती मिलिग्रॅम? कोणत्या प्रयोगशाळेनें हीच खेप तपासली? द्रव्य झाडांतून काढलें कीं कारखान्यांत बनविलें? बाटलीवर यांपैकीं एकाचेंहि उत्तर नव्हतें. त्याच्या वडिलांस रक्त पातळ ठेवण्यासाठीं वॉरफरिन चालू आहे, आणि सी. बी. डी. मुळें त्या औषधाचा परिणाम वाढूं शकतो, हेंहि त्याला माहीत नव्हतें. त्यांतून, तिकडे मोकळेपणानें विकला जाणारा टी. एच. सी. युक्त माल इकडे आणणें गुन्हा ठरूं शकतें. तो बराच वेळ गप्प बसला. मग बाटली न उघडतांच त्यानें ती नाहींशी केली, आणि दुसऱ्या दिवशीं वडिलांना डॉक्टरांकडे नेलें.

त्याचें प्रेम खोटें नव्हतें. त्यानें फक्त नांवावर विश्वास ठेवला होता. झाडाला नांव माणूस देतो आणि कायदा तें बदलतो. शरीराला मात्र नांव कळत नाहीं. त्याला मात्रा कळते.