अफूची साखळी

ब्रिटनमधील 'चॅनेल फोर' या दूरचित्रवाणी वाहिनीने १९८९ साली 'ट्रॅफिक' ही सहा भागांची मालिका दाखविली. तीतील ब्रिटिश मंत्री पाकिस्तानातील अफूचे पीक नष्ट व्हावे म्हणून झटतो. त्याच वेळी त्याची स्वतःची कन्या हेरॉइनच्या आहारी गेलेली असते. तिकडे पीक गमावलेला फझल हा शेतकरी पोटासाठी कराचीस जातो आणि त्याच व्यापारातील एका धन्याच्या चाकरीस लागतो.

ही कथा पाहून कोणी म्हणेल, कायदा अधिक कठोर हवा. कोणी म्हणेल, शेत जाळल्याने साखळी तुटत नाही. आम्ही दुसऱ्या मताचे आहो, आणि त्यास इतिहासाची साक्ष आहे.

ईस्ट इंडिया कंपनी बिहार व बनारसकडील अफूचा कलकत्त्यास लिलाव करी. होळकर-शिंद्यांच्या माळव्यातील अफू तिच्या मक्त्याबाहेर असल्याने पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून चीनला जाई. पुढे कंपनीने ती मुंबईकडे वळवून पेटीमागे जकात बसविली आणि १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर ती वाढविली. १८३९ साली चीनने अफू जप्त करून नष्ट केली, तेव्हा इंग्लंडने युद्ध केले आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहात नुकसानभरपाईही वसूल केली. इंदूर-उज्जैनकडील आमच्या वाचकांनी हेही स्मरावे की, त्या नफ्यात आपले संस्थानिक व सावकारही वाटेकरी होते.

कालचा विक्रेता आज पहारेकरी झाला, हे चांगलेच; परंतु शिक्षा प्रथम भोगतो तो शेतकरीच. त्याच्या भाकरीची सोय जो कायदा पाहत नाही, तो न्यायाच्या पदवीस कसा पोहोचावा?