टिळकांचा ‘देवाचा दरबार’

आजच्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांच्या शेजारीं कल्याण हें जुनें गांव आहे. तेथें १८६९ ते १८७३ या काळांत एका चित्पावन घरांतील मुलगा शिकत होता. तेच पुढें कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक होत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताच्या मंडळींत उच्चनीच भाव नसावा, ही त्यांची निष्ठा होती. परंतु निष्ठा मनांत उतरली, तरी ती स्वयंपाकघरांत उतरण्यास वेळ लागतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कांहीं वर्षें दूर राहिल्या. परत आल्यावरहि त्यांचें सोंवळें सुटलें नव्हतें. पुढें स्वतः विचार करून त्यांनीं जातिभेद टाकला, आणि त्यानंतरच १९०० सालीं त्या ख्रिस्ती झाल्या. आधीं पंगत एक झाली, मग बाप्तिस्मा झाला.

टिळकांस एवढेंहि पुरेसें वाटलें नाहीं. मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनीं १९१७ सालीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त तेथें बंधु मानावयाचे होते. दोनच वर्षांनीं, १९१९ सालीं, टिळक निवर्तले. समता केवळ विधीनें येत नाहीं, ती रोजच्या पंगतींत पाळावी लागते, हाच त्या दांपत्याच्या चरित्राचा बोध होय.