जिऱ्याची फोडणी

मोहनेतल्या घरी माझ्या डब्यातून हळद, जिरं, टोमॅटो गेले, तेव्हा आई म्हणाली, "मग उरलं काय?" अंगावर उठणाऱ्या पित्तासाठी मी सॅलिसिलेटचं पथ्य धरलं होतं. सॅलिसिलेटं ही फिनॉलच्या कुळातली, वनस्पतींत मुळातच असणारी.

१९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी मुलांच्या अतिचंचलपणाचा संबंध कृत्रिम रंग आणि सॅलिसिलेटांशी जोडला. पुढच्या चाचण्यांत तो दावा फारसा टिकला नाही. १९८५ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी ३३३ पदार्थांतली सॅलिसिलेटं मोजली. मसाले सर्वांत वर निघाले. माझ्या यादीत आमचं स्वयंपाकघर निषिद्ध ठरलं, ते इथून. पण २००६ च्या एका अभ्यासात चेन्नईजवळच्या खेडुतांच्या रक्तात पाश्चात्त्यांपेक्षा जास्त सॅलिसिलिक आम्ल आढळलं. ती माणसं रोज मसालाच खात होती.

पदार्थ वगळायचे काही आठवडेच. मग एकेक परत आणून तपासायचा. कोडमधली चूक मी अशीच शोधतो. ताटाबाबत मात्र भीतीपोटी वर्षभर दुसरी पायरी टाळली. वजन सहा किलोंनी उतरलं. अखेर आहारतज्ज्ञांनी एकेक पदार्थ परत सुरू करायला लावला. टोमॅटोनं पित्त उठलं. जिऱ्यानं काहीच झालं नाही.

त्या रात्री आईनं वरणाला फोडणी दिली.